सत्तरच्या पुढची थरथर

नवे टायर बसले आणि गाडी थरथरायला लागली. दोष टायरचा नाही, रस्त्याचा नाही, माझ्या हातांचा आहे, असा निकाल त्याच संध्याकाळी लागला. निकाल देणारा नवरा, आरोपी मी आणि ऐकायला मामा. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात, ऐकून ऐकून नवराही तेच म्हणतो. ते ओट्यावर तंबाखू मळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. तिघांत चर्चा होत नाही, निकालच लागतात.

आम्ही राहतो अणदूरला आणि मी नोकरी करते धाराशिवच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. पूर्वी एसटीनं जायचे. नळदुर्गला एक गाडी, तुळजापूरला दुसरी, तिथं तिसरीची वाट बघत उभं राहायचं आणि घरी येईपर्यंत दिवेलागण उलटून गेलेली. मग नवऱ्यानं त्याच्या खतांच्या दुकानासाठी पिकअप घेतली आणि जुनी गाडी दारात उभी राहिली. मी तुळजापूरला जाऊन शिकले, लायसन काढलं आणि एक दिवस किल्ली उचलली. कुणी दिली नाही, कुणी अडवलीही नाही. गाडी आजही त्याच्याच नावावर आहे.

लोकांना वाटतं बाईला नोकरी हवी असते ती पगारासाठी. असेल. मला त्या पगाराइतकाच जायचा नि यायचा तास हवा असायचा. त्या तासात मला कुणी हाक मारत नाही. चहा झाला का, पाणी तापलं का, ती पिशवी कुठं ठेवली, यातलं काहीही कुणी विचारत नाही. काच वर केली की मी आणि रस्ता. आमच्या गावचा खंडोबासुद्धा वर्षातले काही दिवस नळदुर्गला जाऊन राहतो, वाजतगाजत. देवाला जागाबदल लागतो तर माणसाला का लागू नये, असं मी एकदा घरात म्हटलं होतं. नवरा हसला होता.

नवरा वाईट नाही हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना उगाच त्याच्यावर राग धराल. त्यानं कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. अडचण तीच आहे. आवाज चढवणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मऊ बोलणाऱ्याशी भांडायला गेलं की भांडकुदळ आपण ठरतो. “तुझ्या जिवाची काळजी वाटते,” असं तो म्हणतो आणि त्या काळजीच्या पलीकडं मला एक पाऊल टाकता येत नाही. गेली दोन वर्षं तो मला नोकरी सोड असं एकदाही म्हणालेला नाही. दमतेस गं, असं म्हणतो. मामांचं वय झालंय, असं म्हणतो. रस्त्यावर हल्ली कंटेनर किती वाढलेत, असं म्हणतो.

तर टायर. जुने टायर पार गुळगुळीत झाले होते. एका रविवारी त्याला सोलापूरला काम होतं, तो गाडी घेऊन गेला आणि चारही टायर नवे बसवून आला. ती पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. गाडी दारात लावून तो म्हणाला, “लोण्यासारखी आली बघ.” मी गाडीभोवती एक फेरी मारली. टायरवरचे रबराचे बारीक केस तसेच होते. मला फार बरं वाटलं, कारण जी गाडी विकायची तिला कुणी नवे टायर बसवत नाही, असा मी आपला अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी पोळा. मी रजा काढली होती, पुरणाचा घाट होता. आमची बैलजोडी विकून दोन पोळे झाले होते. शेती आता भाड्याच्या ट्रॅक्टरवर. पण मामांचे हात त्या दिवशी काही स्वस्थ बसत नाहीत. बैल नाहीत तर नाहीत, दारात गाडी आहे ना. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीची खांदेमळणी केली होती, म्हणजे बैलाच्या खांद्याला चोळतात तसं तूप आणि हळद बॉनेटला चोळलं आणि वाकून, अगदी गंभीरपणे, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या,” असं आमंत्रणही दिलं. पोळ्याच्या सकाळी अंधार सरायच्या आत त्यांनी गाडी धुवायला काढली. काथ्यानं चाकं घासली, वर तूपहळद लावली, आरशांना गोंडे बांधले, दिव्यांवर गुलाल फासला. दुपारी बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. शेजारपाजारचे हसून गेले. मीही हसले, पण ते गाडीवरून हात फिरवत होते तेव्हा मी आत निघून गेले.

मंगळवारी कामावर निघाले. नळदुर्गपर्यंत काही नाही. पुढं मोकळा रस्ता लागला, काटा सत्तरला गेला आणि स्टिअरिंग माझ्या बोटांत झिणझिणायला लागलं. ऐंशीला झिणझिण मनगटात आली, खाली सीटही थरथरत होती. मी घाबरून पाय उचलला. साठला गाडी पुन्हा शहाणी. पुन्हा वाढवला, पुन्हा तेच. तुळजापूरच्या पुढं चौपदरी रस्ता लागतो, तिथं मागचे ट्रक मला भोंगे मारत ओलांडून गेले आणि मी डाव्या कडेनं, मिरवणुकीत चालल्यासारखं, धाराशिव गाठलं.

संध्याकाळी घरी सांगितलं. नवऱ्यानं शांतपणे म्हटलं, “मी सोलापूरहून आणली तेव्हा नव्हती थरथरत.”

“आता थरथरते.”

“टायर नवे, बॅलन्सिंग माझ्यादेखत केलेलं. मी शंभरनं आणली. मग एका दिवसात काय झालं?”

तो हसला आणि म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं.” मग लगेच मऊ झाला. “घाबरून स्टिअरिंग घट्ट धरत असशील तू. हात ढिला सोडायचा. जाऊ दे, इतकं अवघड वाटत असेल तर देऊन टाकू गाडी. सोनारीचे एक पाहुणे विचारत होते. दसऱ्याला घेतील, मुहूर्तही चांगला.”

म्हणजे निकाल तर लागलाच, शिक्षाही सांगून झाली. गाडी गेली की पुन्हा तीन एसट्या, पुन्हा दिवेलागण. मग मामांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न निघणार. मग एक दिवस मीच म्हणणार, नको ती नोकरी. हे सगळं मला त्या ओट्यावर उभ्या उभ्या दिसलं, आणि सगळ्यात जास्त चीड याची आली की शेवटचं वाक्य माझ्याच तोंडून वदवून घेतलं जाईल.

मी ठरवलं, थरथर शोधून काढायची. दसऱ्याच्या आत.

आधी नळदुर्गच्या पंक्चरवाल्याकडं हवा बघितली. हवा जरा जास्त होती, त्यानं कमी केली. मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा धन्यवाद दिले. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर सत्तरला बोटं पुन्हा झिणझिणली. मग धाराशिवला कॉलेजच्या रस्त्यावर एक मोठं गॅरेज आहे, तिथं गेले. तिथल्या मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेबांना पाठवा की मॅडम एकदा, त्यांच्याशी बोलतो.” मी म्हटलं, साहेब ही गाडी चालवत नाहीत, मी चालवते. त्याचा चेहरा पडला. पण त्यानं काम नाकारलं नाही, अलाइनमेंट करून दिली. गाडी पूर्वी जरा डावीकडं ओढायची ती सरळ धावायला लागली. थरथर मात्र होती तिथंच. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

त्या दिवसांत माझे कान आणि तळवे एवढेच जिवंत होते. ब्रेक दाबल्यावर वाढते का? नाही. मग ब्रेकची डिस्क नाही. गिअर काढून सोडली तर थांबते का? थांबत नाही. मग इंजिन नाही. चढावर, उतारावर, खडबडीत रस्त्यावर, गुळगुळीत रस्त्यावर, सगळीकडं मी तपासलं. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना हात हलका कापायचा. घरी विषय काढायची सोय नव्हती. काढला की नवरा प्रेमानं म्हणायचा, “सोड ना आता. किती मनस्ताप करून घेशील?”

एका शनिवारी तो स्वतः गाडी घेऊन निघाला. मी शेजारी. मला वाटलं, आता तरी कळेल. पण तो नळदुर्गच्या अलीकडंच, पन्नाशी-साठीत, ट्रॅक्टरच्या मागं मागं गेला, तिथून गाडी वळवली आणि म्हणाला, “कुठं काय आहे?” सत्तरच्या पुढं जा, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “इथं सत्तरनं कोण जातं? तू जातेस?” आता हो म्हटलं तरी फसले आणि नाही म्हटलं तरी फसले. मी खिडकीबाहेरचं सोयाबीन बघत बसले.

गॅरेजवाल्याकडं तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं मला समजेल असं सांगितलं. पुढचं चाक बिघडलं की ते स्टिअरिंगमध्ये, हाताला कळतं. मागचं बिघडलं की सीटमध्ये, बसल्या जागी कळतं. चाकं पुढची मागं नि मागची पुढं करून बघू, थरथर जागा बदलते का ते पाहू. चाकं बदलली. मी बायपासला एक चक्कर मारून आले. हातालाही थरथर, सीटलाही थरथर, अगदी पूर्वीसारखीच. गॅरेजवाला म्हणाला, “मग चाकात दोष न्हाय मॅडम. चाकात असता तर जागा बदलली असती. गाडी दोन दिवस सोडा माझ्याकडं.”

दोन दिवस सोडा म्हणजे दोन दिवस एसटी. म्हणजे घरी सांगणं आलं. आणि सांगितलं की तो म्हणणार, असू दे तिकडंच, सोनारीच्या पाहुण्यांना तिथूनच न्यायला सांगतो. मी गॅरेजच्या दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मला उठवेना. चाकं सुटली, हवा सुटली, ब्रेक सुटले. एकेक निर्दोष सुटत गेलं आणि शेवटी पिंजऱ्यात मी एकटीच उरले होते. खरंच माझे हात तर नाहीत? मी हात समोर धरून बघितले. ते थरथरत होते. ते पाहून मला रडू यायच्या ऐवजी संतापच आला, स्वतःचा.

शेजारच्या यंत्रावर कुणाच्या तरी गाडीचं चाक फिरत होतं. थांबल्यावर तिथल्या माणसानं चाकाचा तोल साधायला शिशाचा एक करडा तुकडा, करंगळीच्या पेराएवढा, चाकाच्या लोखंडी कडेला अडकवला आणि हातोडीनं ठोकला. ते मी आधीही पाहिलं होतं, पण त्या दिवशी बसल्या बसल्या मला एक साधा प्रश्न पडला. हा असला तुकडा माझ्या चाकाला कुठं आहे?

मी उठले आणि पुढच्या चाकाशी उकिडवी बसले. कडेवरून बोट फिरवत पूर्ण गोल आले. तुकडा नव्हता. दुसऱ्या चाकाला गेले. नव्हता. मागच्या दोन्हींना नव्हता. चारही चाकं एकसारखी नागडी, म्हणून तर पुढची मागं करून काही बदललं नव्हतं. पण प्रत्येक कडेला एका ठिकाणी ताजे ओरखडे होते, पक्कड लावून ओढल्यासारखे, आणि त्या ओरखड्यांत काहीतरी पिवळं वाळून बसलं होतं. मी नखानं काढून वास घेतला. तूप आणि हळद.

गॅरेजच्या आवारात, लोकांदेखत, मी एकटीच हसत सुटले. मालक बाहेर आला. “काय झालं मॅडम?” मी म्हटलं, काही नाही, बॅलन्सिंग करा. तो म्हणाला, “साहेबांनी केलंय म्हणला होता ना तुम्ही.” मी म्हटलं, केलं होतं. पोळ्याला उतरलं.

यंत्रावर चढवून चारही चाकांना नवे तुकडे ठोकले. त्या संध्याकाळी परतताना मी चौपदरी रस्त्यावर काटा सत्तरला नेला, ऐंशीला नेला, त्याच्याही पुढं नेला. बोटांत काहीच नाही. स्टिअरिंग गार आणि मुकाट. दोष माझ्या हातांचा नव्हता, कधीच नव्हता. मला इतका आनंद झाला की तुळजापूर येईपर्यंत मी मोठ्यानं बोलत होते, नवऱ्याशी, गॅरेजवाल्याशी, त्या भोंगे मारणाऱ्या ट्रकवाल्यांशी. प्रत्येकाला माझ्याकडं आता उत्तर होतं.

घर जवळ आलं तसा आवाज बसला. नवऱ्याला काय सांगायचं? खरं सांगितलं की मी सुटते, पण मामा अडकतात. बैल गेल्यावर या माणसाकडं वर्षातून एक दिवस उरलाय, तोही काढून घेतला जाईल, तोही मऊ आवाजात. “मामा, आता वय झालं तुमचं, गाडीला हात नका लावू.” मला तो आवाज आधीच ऐकू येत होता.

जेवताना मी एवढंच म्हटलं, “गाडी नीट झाली. चाकाला शिशाचे तुकडे असतात वजनाला, ते पडले होते.”

“चारही चाकांचे?” नवऱ्यानं भाकरी मोडत विचारलं. “असे कसे पडतील? कुठल्यातरी खड्ड्यात जोरात घातली असणार तू.”

मी आमटी वाढून घेतली. मामांनी मान वर केली. “कसलं तुकडं?”

मी बोटाचं पेर दाखवून सांगितलं. पुढच्या चाकाचा गेला तर हाताला थरथर, मागच्याचा गेला तर बूड थरथरतं, असं गॅरेजवाल्याचंच ज्ञान त्यांना त्यांच्या भाषेत दिलं.

“करडं? कडंला चिकटलेलं?” मामा म्हणाले. “अगं, ती म्याच काढली की! चाकं धुताना. म्हनलं गोचिडावानी काय चिकटलंय ह्ये. पोळ्याच्या दिशी जनावराच्या अंगावर गोचीड ठिवत्यात व्हय? पक्कड लावून एकेक उपसली.” मग त्यांचा हात ताटावरच थांबला. “म्हंजी त्येच्यापायी झालं व्हय समदं? आन् तू इतकं दिवस बोलनी खाल्लीस?”

मी नवऱ्याकडं बघितलं. खरं सांगते, मला माफी नको होती. मला फक्त त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता, गॅरेजवाल्याचा पडला तसा, क्षणभर.

तो हसला. “घ्या! मामांनी गाडीची गोचिडं काढली.” चांगलं मोकळं हसला तो. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, “बरं झालं पण वेळेत सापडलं. आता किंमतही नीट येईल. ते सोनारीचे पाहुणे या रविवारी यायचेत बघायला.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. “पण गाडी तर नीट झाली.”

“तेच म्हणतोय ना मी,” तो म्हणाला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थरथर हे कारण नव्हतंच. ते निमित्त होतं, आयतं मिळालेलं. मी महिनाभर जीव काढून जे दुरुस्त केलं ते त्याच्या गिऱ्हाइकासाठी. गाडी बिघडली तर विकायची कारण ती बिघडली, आणि सुधारली तर विकायची कारण ती सुधारली. या घरात मला कुठल्या बाजूनं बाहेर पडता येईल याचा मी विचार करायला लागले आणि कुठलीच बाजू दिसेना. भांडायचं तर कशावर? त्यानं मला काहीच म्हटलं नव्हतं. भांडी घासताना मी एक वाटी मुद्दाम जोरात आपटली. पोचा पडला तो वाटीला.

मधले दिवस मी गाडी नव्वदनं चालवली. जेवढं मिळतंय तेवढं घ्यावं म्हणून. पण आनंद होईना, कारण गाडी जितकी गुळगुळीत धावायची तितकी ती मला परक्याची वाटायला लागायची.

रविवार उजाडला. नवरा आंघोळीला गेला होता. मी स्वयंपाकघरातल्या खणातून पक्कड काढायला गेले तर ती तिथं नव्हती. मनाशी म्हटलं, नशीबच असलं. तशीच बाहेर आले. गाडीच्या पलीकडच्या बाजूला, पुढच्या चाकाशी, मामा उकिडवे बसले होते. हातात पक्कड.

“मामा, काय करताय?”

त्यांनी दचकून बघितलं, मी आहे म्हटल्यावर सैल झाले. “हळू बोल. पुढच्यानं हात थरथरतोय आन् मागच्यानं बूड, असंच म्हनली व्हतीस न्हवं?”

“व्हय.”

“मंग गिऱ्हाइकाचं काय थरथरू दिऊ? हात का बूड?”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. “हात, मामा. माणूस हातानंच भितो.”

“मंग पुढची दोनी,” ते म्हणाले आणि त्यांनी पक्कड लावली. तुकडा निघत नव्हता, नवा होता, त्यांची बोटं दमली. मी त्यांच्या हातावर हात धरून ओढला. दुसऱ्या चाकाचा मी एकटीनं काढला. आत आंघोळीच्या पाण्याचा आवाज थांबला तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर येऊन बसलो होतो आणि मामा तंबाखू मळत होते.

सोनारीचे पाहुणे आले, चहा झाला. पाहुण्यांनी गाडीला बाहेरून ठोकून पाहिलं, नवे टायर पाहून खूश झाले, नवऱ्याला शेजारी बसवून हायवेला घेऊन गेले. परत आले ते हात झटकतच. “इंजन चांगलं हाय, पण स्टिअरिंग लई हालतंय. हाताला मुंग्या आल्या माझ्या. कोन चालवतंय ही गाडी?”

नवऱ्यानं माझ्याकडं बोट केलं.

“तरीच,” पाहुणे समजुतीनं म्हणाले. “बाईमानसाच्या हातातली गाडी. खिळखिळी व्हनारच.”

आयुष्यात पहिल्यांदा मला हे वाक्य गोड लागलं. मी पदर सावरला आणि म्हटलं, “व्हय हो, माझा हातच तसला आहे.” पाहुणे जेवायलाही थांबले नाहीत.

नवरा गाडीकडं बराच वेळ बघत उभा होता. मग त्यानं मामांकडं बघितलं. मामा पलीकडच्या शेताकडं बघत होते. त्याला कळलं असेल का, हे मला आजही माहीत नाही. खात्री करायला चाकाशी खाली बसावं लागलं असतं, आणि कळल्यावर बापाला विचारावं लागलं असतं. तो म्हणाला, “दसरा गेला आता हातचा.” आणि दुकानाला निघून गेला.

तर गाडी माझ्याकडं आहे. याला सुटका म्हणत असतील तर म्हणोत, मी म्हणणार नाही. ते तुकडे मामांच्या चंचीत, तंबाखूच्या खाली आहेत. मी धाराशिवला गेले की पाच मिनिटांत नवे ठोकून घेऊ शकते. पण घेत नाही. कुठलं गिऱ्हाईक कुठल्या सकाळी येईल सांगता येत नाही, आणि दर वेळी पक्कड वेळेवर हाताशी येईल असंही नाही. म्हणून मी रोज ती थरथर अंगावर घेऊन जाते, सत्तरच्या आसपास, डाव्या कडेनं. घरातून आता लवकर निघावं लागतं. पुढचे टायर ठिकठिकाणी झिजायला लागलेत, ते मला दिसतं. ग्रंथालयात पोचल्यावर पहिल्या काही पुस्तकांवरचे शिक्के तिरके पडतात. नवा टायर, चांगली गाडी आणि माझे चांगले हात, तिन्ही मी रोज थोडे थोडे नासवते, कारण नीट असलेलं काहीही या घरात माझं राहत नाही.

परवा मी भाकरी थापत होते. नवरा मागं येऊन उभा राहिला आणि त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, “लातूरचं एक गिऱ्हाईक आहे. रविवारी गाडी बघायला येऊ का म्हणतंय.”

मी भाकरी उलटली आणि म्हटलं, “येऊ द्या की.”